काम चढलं का?

मामाच्या गाळ्यातला फोन सकाळी साडेनऊला वाजायला लागतो आणि पलीकडून येणारा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलेय. "काम चढलं का?" चढलं म्हणजे मशीनवर चढलं. लेथच्या, म्हणजे धातू फिरवून कातायच्या मशीनच्या, चकमध्ये (पकडीत) जॉब एकदा धरला गेला, की पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, लेखी अर्धं काम झालं. मामाचं उत्तरही ठरलेलं. "चढतंय, चढतंय. आजच घेतो." त्या वेळी पार्टीचा माल दाराशी, वजनकाट्याच्या मागे, लाल क्रेटमध्ये पडलेला असतो आणि वर कुणीतरी आपलं हेल्मेट ठेवलेलं असतं.

गाळा भांडुपला, एलबीएस रोडवरून आत वळलं की लागणाऱ्या एका जुन्या इंडस्ट्रिअल इस्टेटमध्ये. तळमजला. भिंतीवर कमरेच्या वर एक मळकट आडवी रेघ आहे, ती २६ जुलै २००५ च्या पाण्याची. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि मामाच्या दोन लेथच्या मोटरी त्या रेघेच्या खाली होत्या. रंगकाम दोनदा झालं, पण तेवढी पट्टी मामाने रंगवू दिली नाही.

आत बारा मशीन. बँडसॉ, तीन लेथ, एक सीएनसी, दोन मिलिंग, एक व्हीएमसी (कम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन), रेडियल ड्रिल, स्लॉटिंग आणि मागच्या कोपऱ्यात दोन ग्राइंडर, एक सिलिंड्रिकल (गोल कामाचा) आणि एक सरफेस (सपाट कामाचा). नऊ माणसं. कुणाला चार शाफ्ट हवेत, कुणाला चाळीस बुश, कुणाचा परदेशी मशीनचा तुटलेला गिअर आहे नि तसाच दुसरा करून हवाय. अशा कारखान्याला इंजिनिअरिंगच्या पुस्तकात जॉब शॉप म्हणतात. मामा त्याला 'आपलं फुटकळ काम' म्हणतो.

आजोबा परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. गिरणीचं बरं असायचं. कापूस एका टोकाने आत गेला की पिंजण, पेळू, सूत, ताणा, माग असा एकच रस्ता. प्रत्येक गासडी त्याच वाटेने जायची. कुठं अडलंय ते लांबूनही दिसायचं, कारण अडलेल्याच्या मागे ढीग आणि पुढे रिकामे हात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातल्या कित्येक घरांप्रमाणे आमच्या घरातही पुन्हा कुणी गिरणीत गेलं नाही. मामा तेव्हा आयटीआयला टर्नरचा कोर्स करत होता. तो अशा धंद्यात शिरला जिथे प्रत्येक जॉबची वाट निराळी. एक बँडसॉवरून लेथवर जातो, तिथून मिलिंगला, तिथून बाहेर हीट ट्रीटमेंटला, परत येऊन ग्राइंडरला. दुसरा सरळ व्हीएमसीवर चढतो आणि तिथूनच घरी जातो. तिसरा लेथवर जाऊन, मिलिंगला जाऊन, पुन्हा लेथवर येतो. बारा मशीनच्या मधल्या सहा फुटी गल्लीत हे सगळे एकमेकांना आडवे जातात. अडलंय कुठे, हे विचारावं तर प्रत्येक जण वेगळ्या मशीनकडे बोट दाखवतो.

मागच्या वर्षी गणपतीला मामा घरी आला होता. मोदक संपवून, हात धुवून, मुद्द्यावर आला. "तू म्हणे कम्प्युटरवर कारखाने चालवतेस. मग सांग, दुसरं व्हीएमसी घेऊ का? बँक द्यायला तयार आहे."

कम्प्युटरवर कारखाने चालवते हे तसं खरं आहे. पवईला शिकले, तेव्हा त्या संस्थेला निटी म्हणायचे. १९६३ साली इंडस्ट्रिअल इंजिनिअरिंगसाठी काढलेली संस्था, २०२३ पासून आयआयएम मुंबई. नंतर वीस वर्षं मोठमोठ्या गोदामांची आणि असेंब्ली लाइनींची सिम्युलेशन्स, म्हणजे कम्प्युटरवरच्या नकला, केली. पवईच्या डोंगराच्या पलीकडे भांडुपला मामाचा गाळा आहे आणि तिथे मी एकदाही वही घेऊन गेले नव्हते, हे मोदक खाताना जरा टोचलं.

पहिल्या शनिवारी गेले तेव्हा काही न विचारता फक्त क्रेट मोजले. जमिनीवर, मशीनच्या बाजूला, रॅकखाली, संडासाच्या दाराशी. बहात्तर जॉब. मग मामाच्या चलनबुकातून महिन्याभरात रोज सरासरी किती जॉब बाहेर गेले ते काढलं. चार. बहात्तर भागिले चार. "मामा, तुझ्याकडे आलेलं काम बाहेर पडायला साधारण अठरा दिवस लागतात."

मामा चिडला. "काहीतरीच काय! आठ-दहा दिवसांत देतो आम्ही."

या हिशेबाला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल या अमेरिकन गणितज्ञाने तो १९६१ साली सिद्ध केला: आत असलेली कामं म्हणजे बाहेर पडण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा काळ. मशीन कुठलं, जॉब कुठला, नंबर कसा लावता, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फक्त आत येणं आणि बाहेर जाणं लांब पल्ल्यात सारखं असलं पाहिजे. मामाच्या डोक्यातले आठ दिवस हे ज्या कामांसाठी फोन येत होते त्यांचे होते. बाकीची कामं गप्प बसलेली होती. गप्प कामाचे दिवस कोण मोजतो?

पुढच्या खेपेला मी एका क्रेटला तारेने पुठ्ठ्याचं कार्ड बांधलं. ईएन-८ स्टीलचे चाळीस शाफ्ट, तीस मिलिमीटर व्यासाचे. ज्याच्या हातात क्रेट येईल त्याने आल्याची वेळ, काम सुरू केल्याची वेळ आणि संपल्याची वेळ लिहायची. लोक हसले, पण लिहिलं. कार्ड परत आलं तेव्हा त्याचा एक कोपरा कुलंटने (मशीनवर सोडायच्या थंडाव्याच्या पाण्याने) गळून गेला होता आणि त्यावर निदान पाच जणांचे काळे अंगठे होते. कटिंग एक तास. लेथ सहा तास. की-वे, म्हणजे शाफ्टमधली चावीची खाच, तीन तास. बाहेर इंडक्शन हार्डनिंग (विजेने तापवून वरचा थर कडक करणं), तिथे खरं काम दोन तासांचं. ग्राइंडिंग पाच तास. एकूण सतरा तास.

आणि क्रेट गाळ्याच्या दारातून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत सतरा दिवस.

मी ते कार्ड मामासमोर ठेवलं. त्याने चष्मा लावला, एकेक ओळ वाचली आणि म्हणाला, "लेथवाल्याने सहा तास घेतले? चारमध्ये होतं हे काम." सतरा दिवसांतले दोन तास त्याला दिसले. मला हसू आलं, पण त्याची चूक नव्हती. कारखान्यात सगळ्यांना मशीन चालू असतानाचा वेळ दिसतो, कारण तेव्हा आवाज होतो.

इथे कुणीही विचारेल, की मग सरळ गणित मांडून सगळ्यात चांगला क्रम का काढत नाही? कुठला जॉब कुठल्या मशीनवर कधी, एवढंच तर ठरवायचंय. दोन मशीन असती आणि सगळे जॉब आधी पहिल्यावर मग दुसऱ्यावर जात असते, तर १९५४ सालापासून जॉन्सनचा नियम आहे: ज्याचं पहिल्या मशीनवरचं काम थोडं तो आधी, ज्याचं दुसऱ्यावरचं थोडं तो शेवटी. चहाच्या कागदावर सुटतं. पण मशीन वाढली आणि वाटा वेगळ्या झाल्या की सगळं हाताबाहेर जातं. फिशर आणि थॉम्पसन यांनी १९६३ साली दहा जॉब, दहा मशीन एवढंच एक कोडं छापलं. दिसायला किती लहान! पण प्रत्येक मशीनवर दहा जॉब लावायचे ३६,२८,८०० क्रम, आणि मशीन दहा. वरवर मोजलं तरी शक्यतांची संख्या सहासष्ट आकडी होते. त्या कोड्यातले सगळे जॉब संपायला कमीत कमी ९३० एकक वेळ लागतो, हे कार्लिए आणि पिन्सन या फ्रेंच संशोधकांनी पक्कं सिद्ध केलं ते १९८९ साली. सव्वीस वर्षं, दहा जॉबसाठी. आमच्याकडे बहात्तर होते, शिवाय त्यातला एखादा दुपारी फोनवरून बदलायचा.

फोरमनकाका हे कोडं रोज सकाळी पावणेनऊला, पहिल्या चहाच्या आत सोडवतात. सर्वोत्तम नसेल. पण नऊला बारा मशीन चालू होतात.

म्हणून सिम्युलेशन. उत्तर काढायचं नाही, गाळ्याची नक्कल करायची, ती दोन-तीन वर्षं पुढे पळवायची आणि काय होतं ते बघायचं. मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं सिमपाय वापरलं, ते फुकट मिळतं. ही विद्याही बरीच जुनी आहे. आयबीएममधल्या जेफ्री गॉर्डनने जीपीएसएस ही त्यासाठीची भाषा १९६१ सालीच आणली. लिटलचा नियमही त्याच वर्षीचा. यातलं घड्याळ सेकंदासेकंदाने चालत नाही, उडी मारतं. ९:१० ला लेथ रिकामा झाला, ही एक घटना. ९:२५ ला नवा जॉब दारात आला, ही दुसरी. मधल्या पंधरा मिनिटांत काही बदललं नाही, तर कम्प्युटर तेवढा वेळ गाळून पुढे जातो. त्यामुळे गाळ्याचं एक वर्ष माझ्या लॅपटॉपवर चार-पाच सेकंदांत संपतं. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "माझंही तसंच संपतं."

नकलेत घालायला आकडे लागतात, आणि ते मिळवणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मजेचं प्रकरण. प्रत्येक मशीनवर कामाला किती वेळ लागतो? रजिस्टरमध्ये असतं ते बिलासाठी लिहिलेलं. म्हणून माणसांना विचारायचं: कमीत कमी किती, बहुतेक वेळा किती, जास्तीत जास्त किती. तीन आकड्यांवरून एक त्रिकोणी अंदाज बांधता येतो, आणि प्रत्येक जॉबसाठी कम्प्युटर त्यातून एक वेळ चिठ्ठीसारखी उचलतो. फोरमनकाकांना मिलिंगच्या सेटिंगचा वेळ विचारला. "अवलंबून आहे." कशावर? "आधी काय चढलेलं होतं त्यावर." बरं, मग सरासरी? "सरासरी काढायला मशीनवर सरासरी जॉब चढत नाही ना, बाई." मी वहीत पंचेचाळीस मिनिटं लिहिलं. ही पहिली चूक.

दोन आठवड्यांनी नक्कल तयार झाली. लॅपटॉप गाळ्यात नेला, टूल ठेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवला. पडद्यावर बारा चौकोन आणि त्यांच्यामधून सरकणारे रंगीत ठिपके. पोरं जमली. एक हेल्पर स्वतःचं मशीन शोधून म्हणाला, "मी कुठाय?" तो नव्हता. मी फक्त मशीन घातली होती.

माझ्या नकलेत जॉब सरासरी नऊ दिवसांत बाहेर पडत होता. फोरमनकाका पाच मिनिटं उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "छान आहे. कुठला गाळा हा?"

खरे दिवस सतरा, नकलेतले नऊ. मधले आठ दिवस कुठे गेले ते शोधायला मला पुढचे सहा शनिवार लागले. डोंबिवलीहून फास्ट पकडून ठाणे, ठाण्याला उतरून स्लो, भांडुप; बहुतेक फास्ट गाड्या भांडुपला थांबत नाहीत. कसाऱ्याच्या बाजूने मेल येत असली की आमची लोकल मध्येच उभी. डब्यात कुणीतरी जाणकार म्हणणार, "मेल पास होतेय." मग दहा मिनिटं सगळे जण खिडकीबाहेरच्या गवताकडे बघत बसतात. हे आत्ता उगाच सांगत नाहीये.

पहिले दीड-दोन दिवस सापडले टेंपोत. हार्डनिंगसाठी माल अंबरनाथला जातो, आणि टेंपो मंगळवारी आणि शुक्रवारी. मी नकलेत 'बाहेरचं काम, दोन दिवस' असं लिहून मोकळी झाले होते. पण बुधवारी सकाळी तयार झालेला शाफ्ट शुक्रवारपर्यंत दारात बसतो, आणि तिकडून परत येतो तो थेट पुढच्या टेंपोने.

मग ग्राइंडर. दोन ग्राइंडर, पण ते चालवणारे काका एकच. सिलिंड्रिकलवर असतील तर सरफेस बंद. हे गाळ्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, म्हणूनच मला कुणी सांगितलं नाही. मी एक अख्खा शनिवार त्यांच्या बाजूला स्टुलावर बसले, हातात स्टॉपवॉच. त्यांनी शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरला, व्हीलला डायमंड फिरवून घेतला, मग चाक हळूच टेकवलं. ठिणग्या आधी भरगच्च, मग विरळ, मग एकेक. चाक मागे घेतलं. कुलंट बंद. आणि काका नुसते उभे. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन. मी वहीत लिहिलं: 'रिकामा वेळ, ३ मि.' त्यांनी तिरक्या नजरेने वाचलं.

"हात लाव," म्हणाले.

शाफ्ट कोमट होता. त्या दिवशी कुलंटची धार नीट पडत नव्हती, पंप दुरुस्तीला द्यायचा राहिला होता.

"गरम शाफ्ट मोठा दाखवतो. आत्ता मोजून साइज दिली, तर रात्री थंड होऊन लहान होईल, आणि पार्टीकडे बेअरिंग ढिलं बसेल."

घरी येऊन मी हिशेब केला. तीस मिलिमीटरचा स्टीलचा शाफ्ट वीस अंशांनी तापला तर सुमारे सात मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) फुगतो. ड्रॉइंगवर मापात चालणारी सूट होती तेरा मायक्रॉनची. म्हणजे निम्म्याहून जास्त सूट त्या उबेतच संपली असती. वहीतलं 'रिकामा वेळ' मी खोडलं आणि त्यावर 'मोजणी' लिहिलं. पुढच्या शनिवारी वही त्यांच्यासमोर मुद्दाम उघडी ठेवली. त्यांनी वाचलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

शेवटचा आणि सगळ्यात मोठा तुकडा म्हणजे 'अर्जंट'. लेथवर चाळीस शाफ्टपैकी बावीस झालेत, आणि मामा केबिनमधून येतो: "ते काढ, हे आधी घे, पार्टी दारात बसलीय." चक सोडायचा, टूल बदलायचं, सेंटर पुन्हा लावायचं. अर्जंट जॉब तासाभरात जातो. पण राहिलेल्या अठरा शाफ्टसाठी सेटिंग दुसऱ्यांदा करावं लागतं, आणि ते अठरा पुन्हा चढेपर्यंत त्यांच्यावर दुसरं अर्जंट आलेलं असतं. मेल पास होते, डबाभर माणसं गवताकडे बघत बसतात. मेलमधल्यांना वाटतं रेल्वे काय वेळेवर चालते!

हे सगळं घातल्यावर नकलेतले नऊ दिवस वाढले, पण वाढून बावीसवर गेले. आता पाच जास्त! पुन्हा डोकं धरून बसले. उत्तर त्या पंचेचाळीस मिनिटांत होतं. फोरमनकाका जॉब आला त्या क्रमाने लावतच नाहीत. एकच कटर, एकच व्हाइस, एकच सेटिंग लागणारे चार-पाच जॉब ते मनात जोडून ठेवतात आणि एकापाठोपाठ चढवतात. पहिल्याला दीड तास सेटिंग, पुढच्यांना दहा-दहा मिनिटं. सरासरी जॉब मशीनवर चढत नाही तो असा. कुठेही लिहिलेलं नाही. मी तो नियम घातला, आणि आकडा सतराच्या आसपास येऊन बसला.

फोरमनकाकांना पुन्हा दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "हां. ग्राइंडरशी ढीग लागला. आता आपला वाटतो."

एक गोष्ट त्यांना समजावताना मला बरीच कसरत करावी लागली. नक्कल एकदा चालवून आलेला आकडा खरा धरायचा नाही. आत चिठ्ठ्या उचलल्या जातात. एखाद्या वेळी सगळ्या बऱ्या निघतात, एखाद्या वेळी सगळ्या वाईट. म्हणून तीसदा चालवायचं, दर वेळी वेगळ्या चिठ्ठ्यांनी, आणि मग सरासरी नि फैलाव बघायचा. शिवाय सुरुवातीचे काही आठवडे मोजायचेच नाहीत, कारण नकलेतला गाळा रिकामा सुरू होतो आणि खरा गाळा कधीच रिकामा नसतो. काका म्हणाले, "म्हणजे रमीत एका डावावरून माणूस ओळखू नये, तसं." अगदी तसं.

मग मामाचा प्रश्न. नकलेत दुसरं व्हीएमसी ठेवलं, तीसदा चालवलं. सतरा दिवसांचे साडेसोळा झाले. व्हीएमसीसमोरची रांग गेली, पण तिथून सुटलेले जॉब लवकर ग्राइंडरपाशी येऊन बसले. ढीग फक्त दहा फूट सरकला. बँकेचं कर्ज काढून ढीग सरकवायचा.

उलट, त्या "मी कुठाय" विचारणाऱ्या हेल्परला सरफेस ग्राइंडर शिकवला असं नकलेत धरलं, तर साडेतेरा. विश्वास बसेना म्हणून मी पुन्हा पुन्हा तपासलं. पण यामागचं गणितही १९६१ चंच आहे. किंगमन या ब्रिटिश गणितज्ञाने तेव्हा रांगेतल्या थांबण्याचं सूत्र दिलं. कामं अनियमित येत असतील आणि त्यांना लागणारा वेळही अनियमित असेल, तर मशीन जसजसं शंभर टक्क्यांकडे जातं तसतशी रांग वेडीवाकडी वाढते. नेहमीच्या पाठ्यपुस्तकी अनियमिततेत ८० टक्के भरलेल्या मशीनपाशी कामाच्या चौपट वेळ थांबावं लागतं, ९० टक्क्यांना नऊपट, ९५ ला एकोणीसपट. ग्राइंडरवाले काका ९५ च्या घरात होते. त्यांच्या डोक्यावरून थोडंसं जरी काम उतरलं, की रांग निम्म्याच्या खाली येते. आणि आपण काय करतो? मशीन दहा मिनिटं बंद दिसलं की मालकाच्या पोटात गोळा येतो.

तिसरा उपाय मामाला मुळीच पटला नाही. गाळ्यात एका वेळी पन्नासच जॉब. एक बाहेर गेला की एक आत; तोवर बाकीचं काम फळ्यावर, नावापुरतं. यालाही परदेशात रीतसर नाव आहे, कॉनविप, १९९० सालचं. नकलेत गाळ्याच्या आतले दिवस छान कमी झाले. पण खरं सांगायचं तर फळ्यावरचे दिवस धरले, तर एकूण फरक फार मोठा नव्हता. रांग दारात आली, एवढंच. फायदा दुसराच होता: दारातली अर्जंट कामं कुणाचंही सेटिंग न मोडता पुढे घालता येत होती, आणि आत गेलेलं काम कधी बाहेर येणार हे बऱ्यापैकी छातीठोक सांगता येत होतं.

"अगं, पार्टी येते ना बघायला," मामा म्हणाला. "आपलं मटेरियल मशीनशेजारी दिसलं की तिला बरं वाटतं. फळ्यावर नाव दाखवून काय सांगू? रेशनचं दुकान आहे का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नकलेत पार्टीचं समाधान घालायची सोय मी केली नव्हती. शेवटी तोड निघाली ती मामीच्या डोक्यातून. ती गाळ्याचे हिशेब बघते. दाराशी रॅक करायचा, त्यावर पार्टीवार कप्पे, पार्टीचं मटेरियल तिथे मान राखून ठेवायचं. मशीनशेजारी नाही, पण जमिनीवरही नाही. आणि मामासाठी तिने वेगळा कायदा काढला: एका वेळी एकच अर्जंट. दुसरं हवं असेल तर पहिलं बाहेर गेलं पाहिजे. फळ्यावर तिने लाल खडूने एक चौकोन आखला, त्यात एकच जॉब मावतो.

व्हीएमसी घेतलं नाही. हेल्पर दिवाळीनंतर सरफेस ग्राइंडरवर बसायला लागला. पहिल्या महिन्यात दोन प्लेटी घालवल्या, ग्राइंडरवाल्या काकांनी मामाला कळायच्या आत पदरच्या पैशाने मटेरियल आणून दिलं म्हणे. मार्चमध्ये मी पुन्हा क्रेट मोजले तर पंचावन्न होते. रोज बाहेर जाणारे अजून चारच. म्हणजे चौदा दिवसांच्या आत. मामा म्हणाला, "आता खरंच आठ दिवसांत देतो." मी काही बोलले नाही.

जुलैत एका बुधवारी कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं, गाड्या बंद. गाळ्यात नऊपैकी तीन माणसं पोचली, दोन दिवस बारातली चार मशीन चालली, आणि पुढचे तीन आठवडे कुठलीच तारीख पाळता आली नाही. माझ्या नकलेत मशीन बिघडत होती, माणसं खाडे करत होती, पण एकेकटी, आपापल्या चिठ्ठीने. सगळे एकाच दिवशी गैरहजर राहू शकतात, हे मी घातलंच नव्हतं. भिंतीवर ती रेघ समोर असून. आता घातलंय.

गेल्या महिन्यात फोरमनकाका केबिनमध्ये आले. लॅपटॉप उघडाच होता. त्यांना दोन वर्षांनी गावी जायचंय, संगमेश्वरकडे घर बांधून झालंय. दारात उभे राहूनच म्हणाले, "यात मी कुठाय?"

मी त्यांना तो नियम दाखवला. सारखं सेटिंग असलेले जॉब जोडून चढवायचे, त्याच्या नऊ ओळी. त्यांनी वाकून बघितलं. इंग्रजी होतं, कळलं नसेल, पण ओळी मोजल्या.

"एवढाच?"

"एवढं सापडायलाच सहा शनिवार लागले, काका."

"काढून बघ."

मी टाळाटाळ केली. चहा घेऊ म्हटलं. ते उभेच. मग त्या नऊ ओळी बंद करून चालवलं. चार सेकंद. चौदाच्या जागी एकोणीस.

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, आकडा पुन्हा वाचला. बाहेर फोन वाजत होता, मामा ओरडून सांगत होता, चढतंय, चढतंय.

"एकदा चालवून काय कळतं?" काका खुर्ची ओढून बसले. "तीसदा चालव."